पवईची ताई

रांगेत आपल्या पुढे सोळा जण आहेत हे संघमित्रानं दोनदा मोजलं होतं आणि ती तिसऱ्यांदा मोजायला लागली होती, तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या सॅकचा पट्टा ओढला. "मित्राताई? तू इथे कशी?" मरोळच्या त्या गाळ्यांच्या इमारतीत, जिन्यावर, फेब्रुवारीतल्या रविवारी सकाळी पावणेआठला तिला मित्राताई म्हणणारं कुणी भेटायला नको होतं. एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचं केंद्र अंधेरीकडे आलं तेव्हा तिला केवढं हायसं वाटलं होतं. घाटकोपरचं कोण कशाला तडमडायला येतंय इकडे, सुट्टीच्या दिवशी. वळून पाहिलं तर दर्शना. गल्लीत तीन घरं सोडून राहणारी, आता सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला असलेली, दोन वेण्या घालत होती तेव्हापासून संघमित्राकडे गणितं घेऊन येणारी दर्शना. तिच्याही हातात तेच प्रवेशपत्र होतं. संघमित्राला उत्तर शोधायची वेळच आली नाही. दर्शनानं स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. "अगं हां, पीएच.डी.साठी लागत असेल ना स्कोअर परत? मी पण ना, काहीही विचारते." "हो," संघमित्रा म्हणाली. एवढंच. वर्षभरात तिला एक गोष्ट पक्की कळली होती. खोटं आपल्याला बोलावं लागत नाही. लोकच ते तयार करून हातात देतात, आपण फक्त नको म्हणायचं नसतं.

घाटकोपरच्या पंचशील नगरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं की भीमराज तायड्यांची मुलगी पवईला एम.टेक. करते. नुसतं पवई म्हटलं की पुरे, पुढे संस्थेचं नाव घ्यावं लागत नाही. तिची आई विमला भाजी घ्यायला गेली तरी भाजीवाला दोन मिरच्या जास्त टाकायचा, पवईच्या ताईची आई म्हणून. हे सगळं सुरू झालं ते एका शब्दावरून. मागच्या मार्चमध्ये निकाल लागला आणि तिच्या नावापुढे 'क्वालिफाइड' असं आलं. त्याचा अर्थ इतकाच की तुम्ही उंबरठ्यापर्यंत आलात. दार उघडेलच असं कुणी म्हटलेलं नाही. तिची रँक पाहता ते उघडणार नव्हतं, राखीव जागांची यादीसुद्धा तिच्या पुष्कळ आधी संपत होती, हे तिला त्याच दुपारी कळलं होतं. पण पप्पा एका इंजिनिअरिंग कॉलेजात सव्वीस वर्षं लॅब अटेंडंट. काँक्रीटचे ठोकळे यंत्राखाली ठेवायचे, फुटले की तुकडे झाडून काढायचे, हे त्यांचं काम. त्यांनी पॅसेजमधून जाणाऱ्या एका सरांना गाठून विचारलं, "सर, पोरगी क्वालिफाय झाली, म्हणजे झालं ना?" सरांच्या कानाला फोन होता. ते म्हणाले, "मग काय तायडे, पेढे आणा आता." तायड्यांनी पेढे आणले. संध्याकाळी मंडळात सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात दहा बाय सहाचा फ्लेक्स लागला. वर तिचा पासपोर्टचा फोटो, एवढा मोठा केलेला की हनुवटीवरचा तीळ रुपयाएवढा झाला होता. खाली वॉर्डातले अकरा इच्छुक चेहरे, आणि मधे, 'पवई येथे एम.टेक.साठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. ती पप्पांना घेऊन त्या फ्लेक्सखाली उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, निवड नाही झाली. नुसती क्वालिफाय झालेय." पप्पांनी वर पाहिलं. "मग होईल ना? जुलैपर्यंत असते म्हणतात." "माझी रँक नाही तेवढी." त्यांनी पुन्हा वर पाहिलं. "पण आता उतरवू कसा गं? खाली मंडळाचं नाव आहे," ते म्हणाले.

एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात तिचा सत्कार झाला. स्टेजवर तिला गुच्छ दिला, फ्रेम केलेली संविधानाची उद्देशिका दिली आणि माईक हातात देऊन दोन शब्द बोल म्हणाले. ती काय बोलली ते तिला आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की पहिल्या रांगेत नव्या पांढऱ्या शर्टात बसलेले पप्पा सगळ्यांच्या बरोबरीनं टाळ्या वाजवत होते आणि जमिनीकडे बघत होते. जुलै आला आणि गेला. पप्पा म्हणाले, पुढच्या वर्षी देऊन टाक, एक वर्ष इकडचं तिकडं, कोण विचारतंय. विचारत तर सगळेच होते. मग तिनं पवईतच नोकरी धरली. एका ऑफिसात बसून नकाशांवरच्या रस्त्यांची नावं बरोबर आहेत की नाही तपासायची. म्हणजे रोज सकाळी सॅक लावून पवईला जाते हे तरी खरं झालं. संध्याकाळी बायका जात पडताळणीचे कागद घेऊन यायच्या, तू पवईत आहेस, तुला कळेल म्हणायच्या, आणि ती तो फॉर्म मन लावून भरून द्यायची, जणू तेवढ्यानं काही फिटत होतं. पप्पांचा आपल्याला राग येत नाही असं ती स्वतःला सांगत असे. येत होता. जेवताना त्यांच्या भुरके मारण्याचा यायचा, चप्पल नीट जोडीनं ठेवण्याचा यायचा. ज्या माणसानं आयुष्यात एकदाच फुशारकी मारली आणि तीही दुसऱ्यावर भरवसा ठेवून, त्याच्यावर रागवायचं तरी कसं, म्हणून तो राग असा किरकोळ जागी निघत होता.

रांग सरकली. दर्शना मागून बोलतच होती. घाबरलेली माणसं एक तर अगदी गप्प होतात नाही तर थांबतच नाहीत. "ताई, रात्री झोपच नाही लागली गं. तुला पहिल्या वेळी भीती वाटलेली का? नसेल वाटली ना. पप्पा म्हणतात, मित्राकडे बघ, एका फटक्यात काढली." मग ती जरा लाजून म्हणाली, "तुला माहितेय का, फ्लेक्स उतरवला ना, तेव्हा मंडळाच्या पोरांकडून आम्ही मागून आणला. पत्र्यावर टाकायला, पावसाचं. पण तुझा फोटो कापून घेतला मी. कपाटाच्या दारावर लावलाय. अभ्यासाला बसलं की समोर तूच." संघमित्रा हसली. हसण्यावाचून करण्यासारखं काही नव्हतं. दर्शनाच्या घरातलं ते कपाट तिला माहीत होतं, गोदरेजचं, हिरवं, एका बाजूला पोचा आलेलं; त्यावर आपला एवढा मोठा चेहरा वर्षभर या पोरीच्या वहीत डोकावत होता. दारावरच्या बाईनं तिच्या कानातलं काढायला लावलं, केसांच्या पिना काढायला लावल्या, बाह्या चाचपल्या, आणि सॅक घेऊन प्लास्टिकचा बिल्ला दिला. मागे दर्शनाचं घड्याळ काढून घेत होते. "ऑल द बेस्ट ताई," ती म्हणाली, "म्हणजे तुला काय गरज आहे म्हणा."

आतला हॉल थंड होता, नको तितका थंड. मागच्या वर्षीचा असाच थंड होता, केंद्र वेगळं असून. पार्टिशन घातलेले कप्पे, प्रत्येकात एक जुना मॉनिटर, त्यावर आपला फोटो, आपलं नाव, आणि उजव्या कोपऱ्यात घड्याळ. मागच्या वर्षी त्या घड्याळानं तिची वाट लावली होती. पहिलाच प्रश्न तुळईचा होता, कॉलेजात डोळे झाकून केलेला, आणि ती तो वाचत होती आणि कळत होतं की आपण वाचतोय, पण शब्द आत जात नव्हते. पुन्हा वाचला. पुन्हा. माऊसवरचा हात आपला नाहीच असा पडून होता. तळवा ओला, जीभ कोरडी, कानात कसलीशी घूं. वर बघितलं तर बेचाळीस मिनिटं गेलेली होती. बेचाळीस मिनिटांत एक तुळई. मग एकदम घबराट होऊन तिनं दिसेल ते उत्तर दाबत सुटायला सुरुवात केली, आणि चुकलं की मार्क कापतात हे माहीत असून दाबत सुटली. त्या बेचाळीस मिनिटांचं ती कुणाला सांगू शकली नव्हती. अभ्यास कमी पडला म्हटलं तर लोकांना कळतं. सगळं येत होतं आणि तरी हात हलला नाही, हे कुणाला सांगणार? आईला अर्धंमुर्धं सांगितलं होतं. आई रविवारी विहारात आनापानाला बसते. तिनं तिलाही वर्षभर बसवलं, पहाटे, मोरीजवळच्या मोकळ्या जागेत चटई टाकून. श्वास येतोय, जातोय, नुसतं बघायचं बाळा, काही करायचं नाही. घरी जमायचं तिला ते. पाणी भरायच्या आवाजातही जमायचं.

नऊ तीसला घड्याळ सुरू झालं आणि तिनं डोळे मिटून श्वासाकडे पाहिलं. श्वास लगेच शहाण्यासारखा वागायला लागला, कुणी बघतंय म्हटल्यावर पाहुण्यांसमोरची मुलं वागतात तसा; आखडून, मोजून, खोटा. बघायचं सोडलं तर तो पळत सुटला. डोळे उघडले. पहिला प्रश्न मातीच्या भारवहनाचा. तो तिनं वाचला. परत वाचला. तळवा ओला झाला. आलं, तिला वाटलं, आलं परत, वर्षभर दबा धरून बसलं होतं ते. आणि त्या क्षणी नको असलेला एक आवाज डोक्यात बोलायला लागला, ऑफिसातल्या देवेशचा. देवेश तसा वाईट नव्हता. डब्यातला अर्धा ठेपला तिला देता देताच बोलला होता, "तुमचं बरं असतं यार, पन्नास मार्कांना पण होऊन जातं." तिनं ठेपला खाल्ला होता. नाही होत रे पन्नासला, माझं नाही झालं, हे एक वाक्य बोलली असती तर त्याचं तोंड बंद झालं असतं. पण ते बोलायचं म्हणजे प्रवेश हुकल्याचं कबूल करायचं, आणि कबूल केलं तर तो मनात म्हणणार, बघा, सवलत असून नाही झालं. म्हणजे झालं तर फुकटात झालं, नाही झालं तर लायकीच नव्हती. सहा मिनिटं गेली. सात.

तेव्हा ऐकू आलं, हुंदक्यासारखं काहीतरी. पुढच्या रांगेत, डावीकडे तिसऱ्या कप्प्यात. दर्शनाचे खांदे हलत होते. पर्यवेक्षक बाई सावकाश चालत तिच्यापाशी गेल्या, वाकल्या, हळूच म्हणाल्या, "पाणी घे बाळा. रडू नकोस, वेळ तुझाच जातोय." दर्शनानं पाणी घेतलं, बाटलीचं झाकण हातातून निसटलं, टाइल्सवर घरंगळत गेलं. दोन-तीन डोकी वर झाली. संघमित्रा बघत राहिली. त्या हलणाऱ्या खांद्यांत काय चाललंय ते जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसेल इतकं तिला कळत होतं: शब्द आत जात नसणार, हात आपला वाटत नसणार, कानात घूं होत असणार. तिला कीव यायला हवी होती. आणि कीव येण्याच्या आधी, तिच्या परवानगीशिवाय, दुसरंच काहीतरी आलं. तीच शाखा, तीच यादी, एक नाव कमी. विचार असा लख्ख आला की त्याचा इन्कारही करता येईना. आणि त्याच्या मागोमाग हात कोरडा झाला. खरोखर कोरडा, तिनं तळवा मांडीवर पुसायला नेला तर पुसण्यासारखं काही नव्हतंच. कानातली घूं थांबली. तिनं प्रश्न वाचला आणि तो मातीच्या भारवहनाचा एक साधा प्रश्न होता, तीन ओळींत सुटणारा. तिनं तो सोडवला. दुसरा सोडवला. वर्षभर आईनं शिकवलेली शांती जिथे पोचली नाही तिथे ही पोचली होती, आणि ती कुठून आली ते तिला नीट ठाऊक होतं.

पुढचे पावणेतीन तास तिनं मान वर केली नाही. असं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. आकडे आपणहून रांगेत येत होते. जिथे शंका आली तिथे प्रश्न सोडला, उगाच दाबला नाही एकही. मधेच एकदा पप्पांचा चेहरा आला, जमिनीकडे बघत टाळ्या वाजवणारा, आणि तोही तिनं बाजूला ठेवला, नंतर बघू म्हणून. पुढून अधूनमधून नाक ओढल्याचा आवाज येत होता. तो थांबला की तिला किंचित अस्वस्थ वाटे आणि परत आला की हात पुन्हा चालू लागे. हे तिनं ओळखलं, आणि ओळखूनही पुढचा प्रश्न घेतला. साडेबाराला स्क्रीन आपोआप बंद झाली. झालं होतं. या वेळी होणार होतं, तिला माहीत होतं, भुकेल्या माणसाला पोट भरल्याचं कळतं तसं. आनंद झाला का, तर झाला. खोटं कशाला बोला. पण तो आनंद कुणासमोर काढून दाखवण्यासारखा नव्हता.

खाली बिल्ला देऊन सॅक घेतली तर दर्शना फुटपाथवर बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. डोळे सुजलेले, नाक लाल. संघमित्राला पाहून ती उठली आणि एकदम तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. "ताई, येत होतं गं सगळं. खरंच येत होतं. हातच चालेना. एक तास गेला नुसता. मी ना त्या लायकीचीच नाहीये बहुतेक. तुला एका फटक्यात कसं जमलं गं?" तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. संघमित्रा तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि तिला समजलं की या पोरीला आता एकच गोष्ट उपयोगाची आहे आणि ती फक्त आपल्यापाशी आहे. सांगितली तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार. पप्पा उद्या कोणत्या तोंडानं मंडळात जाणार. पण वर जे झालं होतं, त्या कोरड्या तळव्याचं, ते कुठेतरी भरून काढायलाच हवं होतं, नाही तर ते जन्मभर तसंच राहिलं असतं. तिनं दर्शनाला खांद्यापासून दूर धरलं.

"दर्शना, इकडे बघ. मी पवईला शिकत नाही."

"म्हणजे?"

"माझं ॲडमिशन झालंच नाही गेल्या वर्षी. असंच झालं होतं माझं, सेम, हात चालेना. बेचाळीस मिनिटं एका प्रश्नावर बसले होते. नंतर वाट्टेल ते दाबलं. पवईला मी नोकरीला जाते, ऑफिसात. पप्पांची चूक झाली, त्यांना वाटलं क्वालिफाय म्हणजे झालं. आज मी परत द्यायलाच आलेय. पीएच.डी.बिएच.डी. काही नाही."

बोलून झालं. छातीवरचं ओझं उतरतं म्हणतात, तसं काही अजून झालं नव्हतं. दर्शना तिच्याकडे टक लावून बघत होती. हळूहळू तिच्या सुजलेल्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते आधीचं पाणी नव्हतं. तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि हसली.

"किती चांगली आहेस गं तू ताई."

"अगं, खरं सांगतेय मी."

"मला बरं वाटावं म्हणून ना? पण मी एवढी पण वेडी नाही हां. मी बघत होते तुला. पाणी घेताना वळून बघितलं, मग परत दोनदा. मान पण वर केली नाहीस तू तीन तास. सगळे हलत होते, हात चोळत होते, आणि तू अशी, दगडासारखी. हात न चालणारी माणसं अशी बसतात होय? मनात म्हटलं ना मी, ही बघ, ही आहे पवईची."

"दर्शना, तेव्हा मी तुझं—" संघमित्रा म्हणाली आणि थांबली. त्या वाक्याचं पुढचं टोक तिच्या जिभेवर होतं. तू रडलीस म्हणून माझा हात चालला. ते सांगितलं असतं तर दर्शनाचा विश्वास बसला असता, अगदी नक्की बसला असता. समोर रिक्षावाला मरोळ नाका, मरोळ नाका ओरडत होता. तिनं ते टोक गिळलं.

तेवढ्यात दर्शनाचा फोन वाजला. "आई आहे," ती म्हणाली आणि बोलायला लागली. माझा पेपर नाही चांगला गेला, येऊन सांगते, रडत नाहीये गं आता, मित्राताई भेटली ना. तिचा झकास गेला, पीएच.डी.साठी दिला तिनं. आणि ऐक ना, मला बरं वाटावं म्हणून काय म्हणते माहितेय, म्हणे मी पण नापास झाले होते, माझं ॲडमिशनच नाही झालं. हो ना. मी पण तेच म्हटलं. मग तिनं फोन पुढे केला. "बोल, आई बोलायचं म्हणतेय."

संघमित्रानं फोन कानाला लावला. "जय भीम मावशी."

"जय भीम गं पोरी. लय मोठं मन आहे बघ तुझं. आमच्या पोरीला सांभाळलंस." पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि दर्शनाच्या आईचा आवाज जरा खाली आला, समजावणीचा झाला. "पण असं बोलत नको जाऊ बाळा. कुणापुढेच नको. आम्ही घरचे आहोत, आम्हाला कळतं. उद्या बाहेरच्या कुणी खरं धरलं तर भीमराजदादांनी तोंड कुठं दाखवायचं?"

"नाही बोलणार, मावशी," संघमित्रा म्हणाली.